डॉक्टरांच्या मिसेस

आमच्या घरात सुट्टी ठरवण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. कुठे जायचं, किती दिवस राहायचं, मुलीच्या रेनकोटपासून दशम्यांच्या डब्यापर्यंत काय काय न्यायचं, सगळं मी बघायचे. नवरा गाडी चालवायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्याने एकही हॉटेल बुक केलेलं मला आठवत नाही. त्यामुळे २००५ च्या जुलैत एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, "ऑगस्टच्या शेवटी आपण स्कायला जातोय, राहायचं सगळं बुक झालंय," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"कोणी बुक केलं?"

"मी."

"कधी?"

"केलं गं. तूच म्हणतेस ना, मी काही करत नाही म्हणून."

आम्ही तेव्हा नॉटिंगहॅमला राहत होतो. तो एका मोठ्या प्रॅक्टिसमध्ये पगारी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होता. दिवसाला तीसेक पेशंट, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि आज पाहिलेला माणूस पुन्हा त्याच्याकडे येईल याची काही खात्री नाही. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली ठेवून हजार सरळ पेशींतली एक वाकडी शोधायची, हे माझं काम. आठ वर्षांनी नुकतीच मला तिथे सीनिअरची जागा मिळाली होती. मुलगी सात वर्षांची होती आणि मराठी बोलताना शेळी, शाळा, शिक्षक या सगळ्यांच्या लिंगांची सरमिसळ करायची.

स्काय म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेलं डोंगर आणि समुद्राचं मोठं बेट. नवऱ्याने कागदावर यादीच केली होती. सात दिवस, पाच गावं. "एका जागी बसायचं नाही," तो म्हणाला, "बेटाचे सगळे भाग बघायचे. माणसं कशी राहतात ते बघायचं." वाक्य छान होतं. पण माणसं कशी राहतात याची त्याला सुट्टीत आजवर कधी पडली नव्हती. सुट्टीत त्याला पुस्तक आणि झोप लागायची.

मग पत्र आलं. जाड पांढरं पाकीट, निळ्या शाईतलं गोल, सावकाश काढलेलं अक्षर, वर स्कॉटलंडचा शिक्का. अक्षर बाईचं होतं, याबद्दल मला शंका नव्हती.

"कुणाचं?" मी विचारलं.

"एका पेशंटचं," तो म्हणाला आणि पाकीट न फोडता खिशात घातलं.

पेशंट डॉक्टरच्या घरच्या पत्त्यावर पत्रं पाठवत नाहीत. त्यानंतर दोन-तीनदा फोन वाजला की तो मोबाइल घेऊन मागच्या बागेत जायचा, आणि मी भांडी विसळत खिडकीतून बघायचे. तो बोलत कमी होता, ऐकत जास्त. एकदा तर मान डोलावत हसला. घरात त्याला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते. त्याच्या कपड्यांच्या खाली, स्वेटरमध्ये गुंडाळलेला, निळा टाय सापडला. मी तो परत होता तसा ठेवला. विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलं असतं, आणि मला ते काहीतरी ऐकायचं नव्हतं.

ग्लासगोला एक रात्र काढून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी बेटावर उतरलो. आधी बेटावर जायला पुलाचा टोल द्यावा लागायचा, तो बंद होऊन वर्षही झालं नव्हतं. पुलाच्या कमानीवरून गाडी वर चढली तेव्हा दोन्ही बाजूंना शिशासारखं पाणी आणि समोर लालसर डोंगर दिसले. मुलगी ओरडली, "आई बघ, केवढा मोठा डोंगर आली!" मीही क्षणभर सगळं विसरले.

पहिला मुक्काम ब्रॉडफर्डजवळ होता. घरातच खोली आणि नाश्ता देणाऱ्या त्या बी अँड बीची मालकीण साठीची, गालांवर बारीक लाल शिरा असलेली बाई. तिने दार उघडलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या, या. तुम्ही डॉक्टरांच्या मिसेस ना?"

माझा नवरा बाहेर कुठेही डॉक्टर असल्याचं सांगत नाही. एकदा कार्डिफच्या एका गेस्ट हाउसमध्ये चुकून कळलं, तर नाश्त्याच्या टेबलावर तीन माणसांनी गुडघे दाखवले होते. तेव्हापासून तो सगळीकडे नुसता मिस्टर.

खोलीत गेल्यावर मी विचारलं, "तिला कसं कळलं?"

"फॉर्ममध्ये लिहिलं गेलं असेल," तो पडदा सारत म्हणाला. "व्ह्यू बघ काय आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट्रीला थांबलो. बंदरावर रंगीत घरांची ओळ, बोटींतून उतरवलेल्या मासळीचा वास, टूरिस्टांची गर्दी. तिथून उत्तरेकडच्या भागात निघालो. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की बाजूला केलेल्या जागेत थांबायचं, आणि जाणारा हात वर करून आभार मानायचा. पहिल्या तासाभरात मला ते फार आवडलं. मग टपालाची लाल व्हॅन आली. तिच्या ड्रायव्हरने नुसता हात नाही केला. त्याने वेग कमी केला, आमच्या नंबर प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला. तीच व्हॅन दुपारी स्टाफिनला दुकानाबाहेर उभी होती. संध्याकाळी यूइगच्या धक्क्याजवळही तीच.

"हा माणूस आपल्या मागावर आहे का?" मी म्हणाले.

"अगं, पोस्टमन आहे. तो सगळीकडे जाणारच."

बरोबर होतं. पण स्टाफिनच्या दुकानातल्या बाईचं काय? ते लोकरीचं दुकान होतं. मी मुलीला टोपी घेत होते आणि ती बाई पैसे घेता घेता म्हणाली, "बर्फात गाडी चालवता का तुम्ही?"

"नॉटिंगहॅमला फारसा पडत नाही," मी म्हणाले.

"आणि अंधाराचं? काही लोकांना अंधार सोसत नाही."

"कसला अंधार?"

"हिवाळ्यातला," ती म्हणाली आणि टोपी कागदात गुंडाळायला लागली. "काम काय करता तुम्ही? इथे करता येण्यासारखं आहे का?"

ऑगस्टमध्ये टोपी विकत घेणाऱ्या बाईला हे कोण विचारतं? मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खेड्यातली माणसं. चौकशा करतातच. आमच्या गावाला नाही का, एसटीतून उतरलेल्या माणसाला सगळे विचारायचे, कुणाकडे आलात?" त्याचे वडील देवगडजवळच्या एका गावात डॉक्टर होते. पण गावचा विषय तो सहसा काढत नसे, आणि इथे दोन दिवसांत तिसऱ्यांदा काढला होता.

यूइगला बोटीची वाट बघणाऱ्यांची गर्दी होती. नवरा मुलीला बोट दाखवायला घेऊन गेला आणि मी धक्क्यावरच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारा, कुत्र्याला पायाशी घेऊन बसला होता. पाण्याकडे बघतच तो म्हणाला, "मागचे चौदा महिने टिकले. त्याचं काही नव्हतं. चांगला होता तो. तिलाच जमलं नाही."

मला वाटलं, मागच्या चहाच्या टपरीच्या मालकांबद्दल बोलतोय. म्हणाले, "अरेरे."

"तुम्ही धडधाकट दिसता," तो म्हणाला.

मी उठलेच तिथून.

अशा वेळी मन कुठे कुठे जातं, ते आता लिहितानाही अवघड वाटतं. आधी मला वाटलं, बाईचंच प्रकरण. मग वाटलं, त्याच्यावर काही तक्रार झाली असेल, चौकशी लागली असेल आणि तो इथे लपायला जागा बघत असेल. मग वाटलं, त्याला काहीतरी आजार झालाय आणि हा शेवटचा प्रवास म्हणून तो आम्हाला फिरवतोय. रोज त्याच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून रक्त किती आहे ते बघावंसं वाटायचं. आणि तो मात्र मजेत. क्वीरांगच्या कड्याखाली उभा राहून मुलीला सांगत होता की इथे पूर्वी लोक गुरं लपवून ठेवायचे. समोर हिरव्या डोंगराचे सुळके धुक्यातून वर आलेले, खाली समुद्र, वाऱ्याने डोळ्यांत पाणी. मी त्या जागेचे दोन फोटो काढले आणि दोन्हीत त्याची पाठच आली आहे, कारण मी डोंगराकडे बघतच नव्हते.

चौथ्या दिवशी आम्ही डनव्हेगनच्या बाजूला गेलो. दुपारी तो म्हणाला, "मी जरा त्या टोकापर्यंत चालून येतो. तुम्ही दोघी आराम करा." दोन तासांनी आला. सकाळपासून पाऊस होता, शेतांत घोट्यापर्यंत चिखल, आणि त्याचे बूट कोरडे. गळ्याशी शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि कॉलरवर टाय बांधून सोडल्याची चुरगळ.

मी गाडीचा कप्पा उघडला. नकाशा होता, लिमलेटच्या गोळ्या होत्या. नकाशावर पश्चिमेकडच्या एका गावाभोवती पेन्सिलीने गोल काढला होता. आमच्या यादीत ते गाव उद्याच्या दिवसात "चहाला थांबणे" म्हणून होतं. पत्र कुठेच नव्हतं.

मोबाइलला रेंज नव्हती. मी मुलीला मालकिणीच्या मांजरापाशी सोडून कोपऱ्यावरच्या लाल फोनच्या खोक्यात गेले आणि लंडनला, वेम्बलीत राहणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. आम्ही एकत्र शिकलेलो. तिच्याशी मी काहीही बोलू शकते. चिलटं आत शिरली होती. मिज म्हणतात त्यांना, डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि केसांच्या मुळाशी चावतात. एका हाताने डोकं खाजवत मी तिला सगळं सांगितलं.

"पत्र वाचलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"टाय आहे, निळं अक्षर आहे, आणि तू अजून वाचलं नाहीस? अगं, तू करतेस काय तिथे?"

"मुलगी बरोबर आहे."

"मग सरळ विचार त्याला. आत्ता जा आणि विचार."

"आणि तो हो म्हणाला तर?"

"तर वेम्बलीला ये. खोली रिकामी आहे." नाणी संपली. मी परत आले, तर नवरा मालकिणीबरोबर स्वयंपाकघरात उभा होता. मी आत पाऊल टाकताच दोघंही बोलायचे थांबले.

पाचव्या दिवशी ते गाव आलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं आहेत अजून, आणि त्यांचा यात दोष नाही. समुद्र जमिनीत लांब घुसून झालेली एक खाडी, तिच्या काठाने विखुरलेली पांढरी घरं, एक चर्च, एक दुकान, पत्र्याच्या छपराचा गावाचा हॉल. हॉलच्या बाहेर दहा-बारा गाड्या. त्यात ती लाल व्हॅन.

"इथे आज काय आहे?" मी विचारलं.

"चहा असतो म्हणे त्यांचा," तो म्हणाला. स्टिअरिंगवरचे त्याचे हात घामेजलेले दिसत होते.

आत पंचवीसेक माणसं होती. आम्ही दारात आलो आणि सगळं बोलणं बंद पडलं. मग एकदम सुरू झालं, नेहमीपेक्षा मोठ्याने. लांब टेबलावर केक, स्कोन, घरचा जॅम. मला खुर्ची दिली गेली, मधोमध. कुणी चहा आणला, कुणी दूध. एका बाईने विचारलं, मी मांस खाते का. दुसरीने विचारलं, मला गाता येतं का. एका माणसाने सांगितलं की इंटरनेट आता आलंय, पण वारा असला की जातं. एक तरुण बाई माझ्या मुलीचा हात धरून म्हणाली, "मी हिला शाळा दाखवून आणू? समोरच आहे." इंग्लंडातल्या शाळा अजून बंद होत्या, पण स्कॉटलंडच्या ऑगस्टच्या मध्यातच सुरू होतात. मी हो म्हटलं. नकार देण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. ऐंशीच्या आसपास, ताठ, हाताची बोटं संधिवाताने वाकलेली. ती काहीच विचारत नव्हती. नुसती मला बघत होती, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की या खोलीत या एका बाईला माझ्याइतकाच कसलातरी संशय आलाय.

दहा मिनिटांनी मुलगी धावत आली. गाल लाल, हातात खडूने काढलेलं सीलचं चित्र. "आई! तो टीचर म्हणाली, ख्रिसमसनंतर मी तिथे बसणार! खिडकीजवळ! फक्त अकरा मुलं आहे, आणि एक शेळी पण आहे शाळेचा! आपण खरंच इथे राहणार?"

तिने मराठीत विचारलं होतं. पण हॉलमध्ये सगळ्यांना कळलं असावं, कारण सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. नवरा मागोमाग आला. खाडीला ओहोटी होती, शेवाळाचा उग्र वास येत होता.

"सांग," मी म्हणाले.

त्याने सांगितलं. गावातल्या डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी होती. त्याने एप्रिलमध्ये अर्ज केला होता. काल डनव्हेगनला मुलाखत झाली. लोकांना तो पसंत होता. फक्त एकच प्रश्न होता. याआधीचे दोन डॉक्टर निघून गेले होते, कारण दोघांच्या बायकांचं इथे मन रमलं नव्हतं. म्हणून गावाने सांगितलं होतं की येताना मिसेसना आणा, आम्हाला भेटू द्या.

"म्हणजे ही माझी मुलाखत होती," मी म्हणाले. "पाच दिवस. सगळ्या बेटाला माहीत होतं. पोस्टमनला माहीत होतं. बाकावरच्या म्हाताऱ्याला माहीत होतं. मला सोडून."

"बी अँड बीवाल्या एकमेकींना फोन करतात गं. मी फक्त पहिलीला सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

तो खाडीकडे वळला. मग म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस. विचारायच्या आधीच. मला वाटलं, तू आधी बघशील, तुला आवडेल, मग सांगेन. मला तिथे कंटाळा आलाय. दहा-दहा मिनिटं. बाबांना गावातलं प्रत्येक घर माहीत होतं. मला माझ्या एका पेशंटचं घर माहीत नाही."

"मग हे मला सांगायचं. आणि मी नाही म्हटलं तर ते ऐकायचं."

"हो."

"मला वाटलं तुझं बाहेर काहीतरी आहे. मला वाटलं तू मरतोयस. काल मी फोनच्या खोक्यात उभी होते आणि वेम्बलीला राहायला जायचं बोलत होते, कळलं?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आजही मला वाटतं की त्याची खरी चूक ती होती. खोटं तर तो बोललाच, पण त्या खोट्याच्या दुसऱ्या टोकाला मी काय समजत असेन, याचा त्याने एकदाही विचार केला नव्हता.

मला तिथूनच गाडीत बसून निघता आलं असतं. पण मुलगी आत होती, आणि ती माणसंही. मी परत आत गेले. म्हणाले, "मला आत्ताच कळलं, आम्ही इथे का आलोय ते. तुम्हाला माझ्याबद्दल जे विचारायचं असेल ते आता विचारा. मग मी विचारीन."

शिक्षिकेने तोंडावर हात ठेवला. शेजारची ती म्हातारी हळूहळू उठली आणि माझ्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, माझं पत्र कुठे आहे?"

त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. तेच निळं गोल अक्षर.

"त्यांना द्या."

मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. एकच पान होतं. तिने लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये येऊ नका, ऑगस्टमध्ये बेट खोटं बोलतं. जानेवारीत या, वादळात या. पत्नीला सगळं सांगून आणा. काही लपवलंत तर त्या राहणार नाहीत, आणि राहू नये असंच मला वाटेल.

महिनाभर मी ज्या बाईचा मनातल्या मनात राग राग करत होते, ती या अख्ख्या प्रकरणात एकटीच माझ्या बाजूची होती.

"आम्हाला वाटलं तुम्ही लाजाळू आहात," पोस्टमन मागून म्हणाला. "प्रश्न विचारले की तुम्ही दचकत होता." कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मला हसू आलं नाही, पण मी बसले. म्हातारी माझ्यासमोर बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. डिसेंबरात साडेतीनला अंधार होतो. वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाही. डॉक्टर बाहेर असला की त्याचा फोन त्याची बायकोच घेते, आणि त्याचा पगार तिला कुणी देत नाही. भांडण झालं तर जायला जागा नाही, कारण ज्याच्याकडे जाल त्याला आधीच कळलेलं असतं. "आणि तुमच्यासारखं बोलणारं इथे कुणी नाही," ती म्हणाली. "माझी भाषा बोलणारेही आता कमी झालेत. मला माहीत आहे ते कसं असतं."

पुढच्या प्रवासात आम्ही दोघं जवळजवळ बोललोच नाही. उरलेली दोन गावं आम्ही पाहिली. बुकिंग होतं म्हणून पाहिली. एल्गोलहून क्युलिन डोंगरांची काळी रांग दिसली, ती इतकी सुंदर होती की मला आणखी राग आला. मुलगी मागच्या सीटवरून विचारत राहिली, "आपण राहणार की नाही राहणार?" मी म्हटलं, "बाबाला नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगितलंय."

नोव्हेंबरात मी एकटी गेले. ट्रेनने पुलाच्या अलीकडच्या काइलपर्यंत, पुढे बसने. म्हातारीकडे आठ दिवस राहिले. तिने जे सांगितलं होतं त्यातलं काहीच वाढवून सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला की दार उघडायला दोघी लागलो. वीज गेली. आम्ही कोळशाच्या शेगडीवर सूप गरम केलं आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला मराठीत एक ते दहा शिकवले. तिने मला तिच्या भाषेत, गॅलिकमध्ये. त्या गावच्या दुकानातल्या बाईने सामान पिशवीत भरताना "या वेळेला खरं बघायला आलात तर" म्हणून मान हलवली. मी बेटावरच्या सरकारी हॉस्पिटलातही जाऊन आले. छोटं, नीटनेटकं, पण रक्त तपासायला ते बेटाबाहेर पाठवायचे. माझ्या कामाची जागा तिथे नव्हती आणि होणारही नव्हती.

शेवटच्या दिवशी म्हातारीने विचारलं, "काय ठरलं?"

"मला इथे आवडलं," मी म्हणाले. "पण मी येणार नाही."

"हं," ती म्हणाली आणि माझ्या बशीत आणखी एक स्कोन ठेवला. "मग हे डॉक्टरांना तुम्हीच सांगा. पत्राने नको."

मी घरी येऊन सांगितलं. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. त्याने पूर्ण ऐकलं. मग एकच विचारलं, "वाऱ्याने घाबरलीस?"

"नाही. मला माझं काम सोडायचं नाहीये. आठ वर्षांनी मिळालंय."

"बरं," तो म्हणाला. दोन दिवस तो फार कमी बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने गावाला पत्र लिहिलं आणि पाकीट बंद करण्याआधी ते माझ्यासमोर ठेवलं. मी न वाचताच परत केलं.

ती जागा पुढच्या वसंतात एका डॉक्टर बाईला मिळाली. तिचा नवरा सुतारकाम करायचा, त्यामुळे त्याला तिथे कामाला तोटा नव्हता. तिला उन्हाळ्यात तीन आठवडे सुट्टी लागायची, आणि गावाने माझ्या नवऱ्याला विचारलं, तेवढ्यापुरते याल का? या वेळी त्याने ते पत्र घरी आल्या आल्या माझ्या हातात दिलं. आम्ही चार उन्हाळे गेलो. मुलगी तिथे पोहायला शिकली, मी फोन घ्यायला शिकले, आणि नवरा घरोघरी जाऊन रात्रीच्या जेवणाच्या वेळेला थकून, चिखलाचे बूट घेऊन परत यायचा.

पण खरं सांगायचं तर माझा संशय काही एकदम गेला नाही. पुढची दोन-तीन वर्षं तो सहज म्हणाला, "रविवारी जरा बाहेर जाऊन येऊ," की मी हातातलं काम थांबवून विचारायचे, "कुठे, आणि तिथे कोण आहे?" तो चिडायचा नाही. गावाचं नाव सांगायचा, कोण भेटेल ते सांगायचा, किती वाजता परत येऊ ते सांगायचा. एवढं सांगून झालं की मग मी पर्स घ्यायचे.